हाका संपेपर्यंत

सावकाश बसा. पाठ टेकली तरी चालेल. डोळे मात्र मिटू नका, कारण पुढचा काही वेळ एका कुत्रीच्या शेजारी बसून तिच्याकडे बघायचं आहे.

जागा उत्तर इंग्लंडमधली, यॉर्कशरची एक दरी. नोव्हेंबर महिना. गवत भिजलेलं आहे, झाडं बरीचशी उघडी झाली आहेत, सकाळ बरीच वर आली तरी उजेड मळकाच आहे. तिथे फेझंटच्या शिकारीचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो आणि १ फेब्रुवारीला संपतो. आपल्या जुन्या शिकारकथांत वाघासाठी हाका उठवत, तसाच हा हाकाच असतो, फक्त पक्ष्यांचा. वरच्या रानातून हाकारे रांगेने, झाडांच्या खोडांवर काठ्या वाजवत पुढे सरकतात. खाली दरीत ठरावीक अंतरावर खुंट्या रोवलेल्या असतात. प्रत्येक खुंटीपाशी एक बंदूकवाला उभा, आणि काहींच्या पायाशी कुत्रा. पक्षी रानातून उठतात, डोक्यावरून उंच जातात, बार होतात, काही पक्षी पडतात. हे सगळं संपल्याचा भोंगा वाजेपर्यंत कुत्र्याने जागचं हलायचं नाही आणि तोंडातून आवाज काढायचा नाही. मग खूण झाली की निघायचं, पडलेला पक्षी शोधायचा, पिसंही न दुखावता तोंडात धरून आणायचा आणि मालकाच्या हातात द्यायचा.

शिकार मला आवडत नाही. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तिला जागा राहिली नाही, याचं मला समाधान आहे. पण आज आपलं लक्ष बंदुकीकडे नको. तुमच्या डाव्या पायाशी जी बसली आहे तिच्याकडे असू द्या. काळी लॅब्रडोर, दोन वर्षांची, हा तिचा पहिला हंगाम. तिचं नाव टेस आहे असं धरून चाला.

वर रानात पहिली काठी वाजली. टेसचं तोंड मिटलं. आणि त्या मिटलेल्या तोंडातून, नाकाच्या वाटेने, एक बारीक कुंई बाहेर आली.

काही करू नका. दटावू नका, पट्ट्याला हिसका देऊ नका, तिच्या डोक्यावरून हातही फिरवू नका. हा आवाज थांबवायचा कसा, हा प्रश्न थोडा वेळ बाजूला राहू द्या. आधी तो येतो कुठून ते बघा.

पुढच्या पायांपासून सुरुवात करा. ती पंजे आलटून पालटून उचलते आहे. बूड जमिनीवर आहे, पण टेकलेलं नाही. बोटभर वर तरंगतं आहे. मांड्या थरथरताहेत. थंडीने नव्हे, कारण थंडीत ती कालही बसली होती. कान पुढे आले आहेत, नजर झाडांच्या कडेला खिळली आहे, पापणी लवत नाही. श्वास वरचेवर आणि छातीतच अडकलेला. आता परत ऐका. हा आवाज ती काढत नाहीये, तो तिच्यातून निघतोय. तिला विचारता आलं असतं तर बहुधा तिने सांगितलं असतं की, आवाज? कुठला आवाज?

इथे थोडं थांबा. आपल्याला ठाऊक असलेली कुत्र्याची सगळी कुईंकुईं मनात आणा. दार बंद झाल्यावर एकटं राहिलेल्या पिल्लाची. पायात काटा मोडल्यावरची. ताटाकडे बघत केलेली. त्या प्रत्येकीत काहीतरी हवं असतं किंवा नको असतं. टेसच्या आवाजात सुरुवातीला मागणं नाही. तिच्यात जेवढं मावतं त्याहून जास्त आलं आहे, एवढंच. दूध उतू जातं ते पातेल्यावर रागावून थांबत नाही, आणि वरून झाकण दाबलं तर आणखी लवकर उतू जातं. बघायचं असतं ते खालच्या आचेकडे, आणि तेही साय वर यायच्या आधी.

ही आच काय आहे? पाव्हलॉव्हना पचनसंस्थेवरच्या संशोधनासाठी १९०४ साली नोबेल मिळालं. सेंट पीटर्सबर्गच्या त्यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या तोंडाला अन्न दिसायच्या आधीच, खाऊ घालणारा माणूस दिसला की पाणी सुटू लागे. पुढे १९९०च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी तपासल्या. फळांच्या रसाचा थेंब मिळाला की सुरुवातीला त्या पेशी चेतत. मग थेंबाआधी दरवेळी एक खूण दाखवली जाऊ लागली. माकड ती खूण शिकलं, आणि पेशी खुणेलाच चेतू लागल्या. अपेक्षेप्रमाणे रस आला तेव्हा त्यांच्यात विशेष काही घडेना. कुत्रा म्हणजे माकड नव्हे, पण हाक्याच्या काठीसमोर बसलेल्या टेसला बघताना मला हे प्रयोग आठवल्याशिवाय राहत नाहीत. पक्षी तोंडात येईल तेव्हा ती शांतच असेल. तोंड भरलेलं, शेपटी संथ, चाल सरळ. तिच्या सगळ्या दिवसाचा कळस आत्ता आहे, अजून काहीच घडलेलं नसताना.

हे क्षणभर नीट बघा. समोर फक्त झाडं आहेत आणि लांबवर लाकडावर लाकूड वाजतं आहे. आणि शेजारी एक जीव आनंदाने थरथरतो आहे.

मग तिला बसू द्यावं की अशीच, आवाज करत? नाही, आणि त्याला कारणं आहेत. एका कुत्र्याची कुईंकुईं शेजारच्या खुंटीवरच्या कुत्र्याला लागते, मग त्याच्या पलीकडच्याला. माणसाचं चित्त ढळतं, जवळ दबलेला पक्षी सावध होतो. आणि आवाज करणारी कुत्री स्वतःही धड बघत नाही. पक्षी नेमका कुठे पडला ते तिच्या ध्यानात राहत नाही. ब्रिटनच्या केनेल क्लबच्या नियमांत, पक्षी आणून देणाऱ्या रिट्रीव्हर कुत्र्यांच्या मैदानी परीक्षांसाठी, कुईंकुईं किंवा भुंकणं हा थेट बाद करणारा दोष आहे. पक्षी दातांनी चिरडणं, खूण नसताना धाव घेणं, पाण्यात उतरायला नकार देणं, यांच्याच पंगतीत तो बसतो. कामात कितीही हुशार असलेली कुत्री त्या एका आवाजाने घरी जाते. हे कठोर वाटतं. पण अशा परीक्षांतून पुढच्या पिढीचे आईबाप निवडले जातात, आणि हा स्वभाव पिल्लांत उतरतो असा तिथल्या जाणत्यांचा पक्का अनुभव आहे.

आता जरा मागे जाऊ. टेस इथे आली कुठून?

तिचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर राहत. बर्फगार पाण्यात उडी घेऊन सुटलेला मासा, वाहून चाललेली दोरी घेऊन येत. एकोणिसाव्या शतकात मासळीच्या जहाजांतून ते कुत्रे इंग्लंडला आले, जमीनदारांनी पाळले, निवडले, वाढवले. १९०३ साली केनेल क्लबने लॅब्रडोर ही जात मानली. तिची चुलत बहीण गोल्डन रिट्रीव्हर, तिची कुळकथा स्कॉटलंडच्या गुइसाकन इथे १८६८ साली जन्मलेल्या एका वेतापर्यंत जाते. या साऱ्या निवडीत माणूस दोन गोष्टी मागत आला. एक, पक्ष्यासाठी जीव टाकणारा कुत्रा हवा: काट्यात शिरणारा, गोठलेल्या पाण्यात उतरणारा, दहा वेळा पाठवलं तरी अकराव्यांदा पहिल्यासारखाच धावणारा. दुसरी, तोच कुत्रा सांगेपर्यंत दगडासारखा बसलेला हवा. ओढही टोकाची हवी आणि आवरही टोकाचा हवा, दोन्ही एकाच कातडीखाली.

हे मागणं आपलं होतं. टेसचं नव्हतं. ती जिथे कुंई करते ती जागा म्हणजे या दोन मागण्यांची शिवण आहे, आणि ती शिवण जन्मतःच ताणलेली आहे. हे एकदा ध्यानात आलं की तिच्याबद्दलचा राग धरून ठेवणं अवघड होतं. निदान मला होतं.

आता पट्ट्याच्या या टोकाला या. तुमच्या हातापाशी.

मूठ कशी आहे? बहुधा आवळलेली. खांदे वर चढलेत का? जबडा? श्वास तुम्हीही छातीतच धरून ठेवला आहे का? वरून काठ्यांचा आवाज जवळ येतोय, शेजारच्या खुंटीवरचा माणूस तुमच्या कुत्रीकडे बघतोय, आणि ती आता परत आवाज करणार या धास्तीने तुम्ही आधीच ताठ झाला आहात. ती हे सगळं वाचते. स्वीडनमधल्या लिंशॉपिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली कुत्र्यांचे आणि त्यांच्या मालकांचे केस तपासले. केसांत कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक महिनोन्महिने साचत जातं. ज्या मालकांत ते जास्त होतं, त्यांच्या कुत्र्यांतही ते जास्त आढळलं. ती पाहणी मेंढपाळ जातीच्या कुत्र्यांची होती, लॅब्रडोरची नव्हे. पण पट्ट्याच्या दोन टोकांमध्ये काय काय वाहत असतं, याची कल्पना त्यावरून येते.

म्हणून मूठ सोडा. पट्टा हातात राहू द्या, पण त्याला झोळ पडू द्या. श्वास सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. पुन्हा एकदा. टेसकडे बघू नका, झाडांकडेही नको. पायाजवळच्या गवताकडे बघा. आणखी एकदा श्वास सोडा. ती शांत व्हावी म्हणून हे करायचं नाही, ती होईल न होईल. मूठ तुमची आहे, म्हणून सोडायची.

या स्थितीत जरा वेळ राहा.

आता एक प्रश्न मनाशी धरा, आणि उत्तराची घाई करू नका. मागच्या वेळी टेसने आवाज केला तेव्हा पुढे काय झालं होतं?

बहुतेक वेळा झालेलं असं असतं: पक्षी पडला, ती कुंई करत होती, भोंगा वाजला, आणि मालकाने तिला पाठवलं. तिच्या लेखी हिशोब सरळ आहे. आवाज केला, पक्षी मिळाला. तिने असा हिशोब मांडला असं नव्हे, पण तिच्या अंगाने तो घेतला. आणि दहापैकी दोनदाच असं घडलं तरी पुरे. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ साली कबुतरांवरचे वर्षानुवर्षांचे प्रयोग ग्रंथरूपाने मांडले. बक्षीस दरवेळी न मिळता अधूनमधून मिळालं की जडलेली सवय सुटायला जास्त वेळ लागतो, हे त्या कामातून ठळक झालं. आठवडाभर कडक राहून शनिवारी मित्रांदेखत एकदा ढील दिली, तर ती ढील आठवड्याच्या कडकपणाहून खोल रुजते.

ढील का दिली जाते? कारण पक्षी आपल्यालाही हवा असतो. आपल्या कुत्रीने लांबून, अवघड जागेतून पक्षी आणावा, चार माणसांनी तो बघावा, हे हवं असतं. टेसच्या ओढीपेक्षा ही ओढ निराळी कशी, हे स्वतःला विचारून बघण्यासारखं आहे. तिची नाकातून ऐकू येते, आपली येत नाही. मला वाटतं, या सगळ्या मननात खरा अवघड भाग हाच आहे. कुत्रीला थांबायला शिकवणाऱ्याला आधी तिला न पाठवता घरी परतता आलं पाहिजे.

आता काम. ते नोव्हेंबरच्या या दरीत होत नाही, म्हणून मनाने जूनमध्ये चला. मोकळं कुरण, हाकारे नाहीत, बंदूक नाही. टेस तुमच्या पायाशी बसली आहे आणि तुम्ही काहीच करत नाही. दहा मिनिटं काहीच घडत नाही. तिला आधी नवल वाटतं, मग कंटाळा येतो, मग ती एका कुल्ह्यावर कलून बसते. ते कलणं टिपून ठेवा. अंग सैल पडल्याची ती खूण आहे, आणि पुढे तुम्हाला तीच शोधायची आहे. आता पक्ष्याऐवजी कॅनव्हासची डमी फेका, फार लांब नको. ती ताठ होईल. थांबा. मग तुम्ही स्वतः चालत जा आणि डमी उचलून आणा. ती बसलेलीच. परत फेका, परत तुम्हीच आणा. मग एखादा मुरलेला, शांत कुत्रा असेल तर त्याला पाठवा. टेस बघते आहे. फेकलेल्या बहुतेक डम्या तिच्या नसतातच. मधूनच एखादी तिची, तीही लगेच नाही: डमी पडली की तिला घेऊन उलट दिशेला चालू लागा, कुरणाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जा, वळा, तिला बसवा, तिचा श्वास खाली येऊ द्या, आणि मग पाठवा. एवढ्या वेळात डोळ्यातली चमक ओसरते आणि डोक्यातली आठवण पुढे येते. ती धावते तीही निराळी, नाक खाली घालून, विचार करत.

यात लक्ष आवाजावर ठेवायचं नसतं, आवाजाच्या आधीवर ठेवायचं असतं. तोंड मिटणं. पंजा उचलणं. बूड तरंगणं. जीभ ओठावरून एकदा पटकन फिरणं. पापणी थांबणं. यातलं पहिलं दिसलं की तिथेच थांबा, आणखी काही फेकू नका, हवं तर तिला घेऊन चार पावलं चाला. आवाज बाहेर पडला तर तो दिवस तिथेच मिटवायचा. रागाने नव्हे, न बोलता, पट्टा लावून. ऐन भरात मोठ्याने दटावलं तर त्या दटावण्याचा जोरही तिच्या भरातच मिसळतो. वीज सोडणाऱ्या पट्ट्यांविषयी एकच सांगतो: वेल्समध्ये त्यांच्यावर २०१० पासून कायद्याने बंदी आहे, आणि ती सगळीकडे असावी असं माझं मत आहे. त्या झटक्याने आवाज कदाचित जाईल. त्या दरीत, त्या खुंटीपाशी तिला जो आनंद होता तोही त्याच्याबरोबर जाईल.

(एक गोष्ट यात गृहीत धरली आहे: तिला दुखत नाहीये. कानात, खुब्यात, पाठीत काही असेल तर हे सारं व्यर्थ आहे; आधी पशुवैद्याकडे जायचं.)

पुण्यात किंवा नाशिकमध्ये चौथ्या मजल्यावर राहणारा लॅब्रडोर असेल तुमच्याकडे, तर तुम्ही मघापासून त्याला आठवत असाल. खुंटीवरचा पट्टा काढला की तो दारापाशी गोल गोल फिरत कुंई करतो, आणि दार उघडतं. रोज, दोनदा. त्याच्यासाठी तो पट्टा म्हणजेच हाकाऱ्याची काठी आहे. सोसायटीच्या आवारात संध्याकाळी चेंडू परत परत फेकला जातो, कुत्रा परत परत धावतो, दमेल असं आपल्याला वाटतं. अंग दमतं, डोकं आणखी तापतं. पट्टा काढा आणि परत खुर्चीत बसा. वर्तमानपत्र वाचा. तो दिवाणखान्यात आडवा होईल तेव्हा उठा. आवाज आला की परत बसा. पहिल्या दिवशी फिरायला जायला तासभर लागेल, म्हणून रविवारी सुरू करा.

आता परत दरीत येऊ, नोव्हेंबरमध्ये. कारण जूनमध्ये सगळं जमलं तरी इथे ते जमेलच असं नाही.

काही कुत्र्यांचं जमत नाही. हे मनात आणून शांत बसणं कठीण आहे, तरी आणा. चांगल्या हातांत, नेटाने, वर्षभर काम होऊनही हाक्याची काठी वाजली की कुंई येतेच. जाणते म्हणतात की मुरलेली कुईंकुईं बरी करण्यापेक्षा ती सुरूच होऊ न देणं शंभरपट सोपं. म्हणून तिथे कुत्रा दीड-दोन वर्षांचा होईपर्यंत त्याला हाक्यावर बसवायची घाई करत नाहीत, आणि नेलं तरी आधी रांगेच्या खूप मागे उभं करतात, कामाला न लावता परत आणतात. पण टेसच्या बाबतीत ती वेळ निघून गेली असेल तर?

तर तिच्यासाठी दुसरी जागा शोधायची. बसून आवाज करणारी कित्येक कुत्री चालती झाली की गप्प होतात, कारण आतलं सगळं पायांतून जायला वाट मिळते. हाकाऱ्यांच्या रांगेत तिला घेऊन चालता येतं. किंवा बंदुकांच्या बऱ्याच मागे, जिथून पक्षी पडताना फारसे दिसत नाहीत, तिथे जखमी होऊन लांब गेलेले पक्षी शोधायचं काम असतं. तिथे नाक लागतं, धीर लागतो, आणि तिची ती अनावर ओढ तिथे कामी येते. जखमी पक्षी लवकर सापडला तर त्याचे हाल लवकर संपतात, म्हणून हे काम दुय्यम नाही. परीक्षेची बक्षिसं तिला मिळणार नाहीत. तिची पिल्लं घ्यायची नाहीत, हा निर्णय तेवढा पक्का ठेवायचा. आणि संध्याकाळी ती चुलीपाशी पाय पसरून झोपेल तेव्हा तिच्यात काही कमी आहे असं मनात आणायचं नाही. ती तिला सांगितलेलंच करत आली आहे. आपण दोन गोष्टी सांगितल्या, तिने त्यातली एक जास्त ऐकली.

पण टेसचं अजून ठरायचं आहे. ती दोनच वर्षांची आहे.

वर रानात काठ्यांची रांग शेवटच्या झाडांपाशी आली आहे. पक्षी उठताहेत, बार होताहेत. तुमची मूठ पुन्हा आवळली असेल तर सोडा. एक पक्षी अगदी समोर, वीस पावलांवर, उघड्या गवतात पडला आणि टेसने तो पाहिला. तिचं तोंड मिटलं, पंजा उचलला गेला. तुम्ही श्वास सोडला. पंजा खाली आला. आवाज आला नाही; किंवा अर्धा आला आणि विरला. भोंगा वाजला.

समोरचा पक्षी तिचा नाही. तो तुम्ही स्वतः चालत जाऊन उचला, तिला तिथेच बसवून. शेजारच्या कुत्र्याला त्याचे दोन आणू द्या. मग तिला पट्ट्यावर घेऊन मागच्या झुडपांपर्यंत सावकाश चाला. तिथे एक पक्षी पडला आहे, तो तिने पडताना पाहिलेला नाही. तिला बसवा. ती एका कुल्ह्यावर कलेपर्यंत थांबा, कितीही वेळ लागो. बाकीची मंडळी गाड्यांकडे निघाली तरी थांबा. कलली, की पट्टा काढा आणि तिला त्या झुडपांकडे पाठवा.